मशीन पाचला वाढवायला ठेवलंय

चिठ्ठी मॉनिटरच्या वरच्या कडेला चिकटवलेली होती, आणि तीही बुटांचे तळ चिकटवायच्या सोल्यूशननं. साधी चिकटपट्टी हाताशी पडलेली असताना सोल्यूशन लावायचं म्हणजे ती चिठ्ठी आता मॉनिटरबरोबरच जायची. सासऱ्यांचं कुठलंही काम असंच, एकदाचं आणि कायमचं.

'मशीन ५ ला वाढवायला ठेवलंय. हात लावू नको.'

सुनेनं ती दोनदा वाचली आणि कपाळावर हात मारला. दुकानात मशीनं चार. एक शिवायचं, एक घासायचं, एक प्लास्टिकचे पत्रे मऊ करायची विजेची भट्टी, आणि एक हा कंप्यूटर. त्यातल्या वाढवता येण्याजोग्या चकतीवर पाचाचा आकडा होता तो फक्त भट्टीच्या. म्हणजे भट्टी पाचवर वाढवून ठेवली असणार. ती उठून बघायला गेली, तर भट्टी थंडगार आणि चकती शून्यावर.

"ठेवलंय म्हणे," ती भट्टीलाच म्हणाली. "काय ठेवलंय? डोंबल?"

विचारायची सोय नव्हती. दुपारी मागच्या बाकावर तिचा डोळा लागला होता तेवढ्यात चिठ्ठी चिकटवून सासरे तीन वाजता दाढ काढायला गेले होते, दोन गल्ल्या पलीकडे. एरवी तिनं फोन करून खडसावून विचारलं असतं, पण आज तिच्यात तेवढंही त्राण नव्हतं. ती पुन्हा कंप्यूटरपुढे येऊन बसली आणि गेले तीन दिवस जे बघत होती तेच बघू लागली. पडद्यावर एक हिरवी पट्टी होती आणि ती मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत होती.

दुकान बुटांचं होतं, पण काचेत मांडून विकायच्या बुटांचं नव्हे. ज्यांचे पाय कुठल्याच तयार बुटात मावत नाहीत, एक लहान एक मोठा, वाकडा, आखूड, बोटं नसलेला, अशांसाठी सासरे बूट करायचे. तीस वर्षं. प्रत्येक गिऱ्हाइकाला आकडा द्यायचा, दोन्ही पायांचे प्लास्टरचे साचे काढायचे आणि वर लिहायचं, ३८० उजवा, ३८० डावा. गिऱ्हाइकाचं नाव ते विसरायचे, पाय कधी विसरायचे नाहीत. रस्त्यात कुणी नमस्कार केला तर आधी खाली बघायचे, मग ओळख पटायची.

सूनही मुळात गिऱ्हाईकच. नऊ वर्षांची असताना आईचं बोट धरून आली होती, डावा पाय पाऊण इंच आखूड. आकडा ११७. पुढे दर वर्षी बूट न्यायला येता येता मोठी झाली, आणि मग बूट न्यायचे सोडून इथंच राहिली. "वहिनीनं बूट मापाचे आणि नवराही मापाचा करून घेतला," असं तिच्या नणंदेला सगळ्यांना सांगायची हौस होती. हा विनोद सुनेनं आठ वर्षांत किमान शंभरदा ऐकला होता. मापाचा म्हटलेला नवरा सध्या कातडं बघायला चार दिवस बाहेरगावी गेला होता आणि फोन उचलत नव्हता.

तर दुकानाच्या दोन भिंती प्लास्टरच्या पायांनी भरल्या होत्या. हजाराच्या वर पाय. जागा नाही, धूळ मरणाची, पायात पाय, आणि हवा तो पाय कधी सापडायचा नाही. मागच्या वर्षी सुनेनं हट्ट धरला. सगळ्या पायांचे स्कॅन करू, कंप्यूटरात भरू आणि प्लास्टर फेकून देऊ. चार महिने तिनं एकेक पाय पुसून स्कॅन केला. सासरे फक्त म्हणाले, "बरं." पोत्यांत भरून पाय निघाले तेव्हाही ते दारात उभे राहून एवढंच म्हणाले, "बरं." ते 'बरं' तिला तेव्हाच बोचलं होतं, पण तेव्हा ती बरोबर होती ना. बरोबर असलेल्या माणसाला बोचलेलं कळत नाही.

आणि गेल्या आठवड्यात डिस्क टकटक वाजायला लागली. दुसरीकडे एक प्रत करून ठेवायची, हे तिच्या यादीत सहा महिने होतं. आज करू, उद्या करू. दुरुस्तीवाल्यानं डिस्क कानाला लावली, तोंड वाकडं केलं आणि सांगितलं, "बाई, ही आता एकदाच फिरेल. कॉपी लावा आणि हात जोडून बसा. हळू चालेल, चालू द्या. मध्येच मशीन बंद पडलं तर ही पुन्हा उठायची नाही."

तेव्हापासून ती हात जोडून बसली होती. घरी जायची ती झोपेपुरती, आणि झोप तरी कुठली. कॉपी उलट्या क्रमानं चालली होती, नवे पाय आधी, जुने शेवटी. आता चार वाजून गेले होते आणि दीडशेच्या आतले आकडे उरले होते. सगळ्यात जुने. पोस्टमन ८८, चाळीस वर्षांचा बाप्या, त्याचा दहाव्या वर्षीचा पाय. त्या पायापासून आजचा पाय किती सरळ झाला ते बघूनच पुढचा बूट करायचा असतो. तो पाय गेला तर पुन्हा कुठून आणायचा? पोस्टमनला काय परत दहा वर्षांचा करायचा? सगळं तिच्यामुळे, आणि सासरे एका शब्दानं बोलले नव्हते. ते बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं. निदान भांडता तरी आलं असतं.

चार वाजून वीस मिनिटांनी शेजारच्या घड्याळवाल्यानं दारातून डोकं आत घातलं. एका डोळ्याला भिंग तसंच होतं.

"काय, आज पाचलाच वाढवताय?"

"काय वाढवतोय?"

"दुकान हो. काका जाताना म्हणाले, आज लवकर वाढवणार. मशीनच आपोआप पाचला वाढणार आहे म्हणाले. काय काय सोयी निघाल्यात!"

सून त्याच्याकडे बघत राहिली. मग चिठ्ठीकडे. मग पुन्हा त्याच्याकडे.

दुकान वाढवणं. अर्थात. सासऱ्यांच्या तोंडून 'बंद' हा शब्द कधी निघायचा नाही. दुकान वाढवलं, दिवा वाढवला, एकदा तर नळ गळत होता तेव्हा "नळ वाढव" म्हणाले होते आणि तिनं आणखी सोडला होता. तेव्हा सगळं घर हसलं होतं. आज कंप्यूटर वाढवायला ठेवला होता. पाच*वर* नव्हे, पाच*ला*. पाच वाजता.

"अगं आई गं," ती म्हणाली. घड्याळवाल्याला वाटलं तिचं काही दुखतंय, आणि तो भिंग सावरत निघून गेला.

सासऱ्यांना हे शिकवणारी एकच व्यक्ती जगात होती. तिनं नणंदेला फोन लावला. नणंद कुठल्याशा मोठ्या कंपनीत कंप्यूटरचंच काम करायची, आणि हे जुनं मशीन तिनंच बसवून दिलं होतं, फुकटातली सिस्टम घालून.

"वन्सं, बाबांना मशीन आपोआप बंद करायला तुम्ही शिकवलंत?"

"हो! लावलं त्यांनी? एकट्यानं?" नणंदेच्या आवाजात कौतुक मावेना. "बघ वहिनी, सत्तरी गाठलेला माणूस कमांड देतो! विसरतात ना ते बंद करायला, म्हणून म्हटलं..."

"वन्सं, कॉपी चालू आहे. पायांची. पाचला बंद झालं तर सगळे जुने पाय गेले."

पलीकडचा आवाज टक्कन बदलला. "टर्मिनल उघड. काळी खिडकी. आधी बघू खरंच लावलंय का. त्यांनी चिठ्ठी लिहिली असेल आणि कमांड चुकवली असेल, तर उगाच धावाधाव. लिही, शटडाऊन, एक जागा सोड, मग दोन डॅश, मग शो."

तिनं लिहिलं. मशीननं उत्तर दिलं की असलं काही आपल्याला माहीत नाही.

"जुनं आहे ना ते, त्याला येत नाही," नणंद म्हणाली, जणू जुनं मशीन सुनेनंच निवडलं होतं. "थांब. एक फाइल असते. असेल तर लावलंय, नसेल तर नाही. लिही, कॅट, जागा, तिरकी रेघ, रन, तिरकी रेघ, सिस्टमडी..."

"सिस्टम की सिस्टमडी?"

"डी. शेवटी डी."

"डी कशाला?"

"वहिनी, आत्ता हे विचारायची वेळ आहे का?"

नव्हती. तिनं लिहिलं, एकदा चुकलं, तिरकी रेघ उलटी पडली होती, पुन्हा लिहिलं. खाली तीन ओळी उमटल्या. एकीत पॉवरऑफ असा शब्द होता, आणि तो वाचायला नणंदेची गरज नव्हती. पहिलीत नुसता एक आकडा होता, सोळा अंकी.

"लावलंय," सून म्हणाली. "पण वेळ कुठाय? हा आकडा काय आहे?"

"तीच वेळ आहे. फार जुन्या एका तारखेपासून किती सेकंद झाले ते, आणि त्या सेकंदाचेही दहा लाख तुकडे करून."

"पाच वाजता म्हणायला ह्याला सोळा आकडे लागतात?"

"त्याला तसंच कळतं. शेवटचे सहा अंक सोड, आणि पहिले दहा ह्या कमांडला दे..."

दहा अंक. ती मोठ्यानं वाचत गेली, नणंद मोठ्यानं म्हणत गेली, सातवा अंक दोघींनी गाळला आणि उत्तर आलं ते पन्नास वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारचं. दुसऱ्या खेपेला बरोबर आलं. आजची तारीख. सतरा वाजून शून्य मिनिटं, शून्य सेकंद. सासऱ्यांनी एक सेकंदही इकडेतिकडे होऊ दिला नव्हता. बूट असोत नाहीतर काही असो, माप अगदी चोख.

चार बेचाळीस झाले होते.

"आता रद्द कर. सूडो, जागा, शटडाऊन, जागा, एक डॅश, सी. झालं."

झालं कसलं. मशीननं पासवर्ड मागितला.

"बाबांचाच लागेल, खातं त्यांचं आहे," नणंद म्हणाली. "मला माहीत नाही. मी सांगितलं होतं, कुणाला सांगू नका म्हणून, आणि त्यांनी नाही सांगितला." इथंही कौतुक होतंच. "वही बघ ना त्यांची."

वही खणात होती. सासरे शिकलेली प्रत्येक गोष्ट तीत उतरवून ठेवायचे, शिशपेन्सिलीनं, पायांच्या आकृत्यांच्या मधेमधे. तिनं भराभर पानं उलटली. 'मशीन वाढवणे' असा मथळा सापडला, खाली कमांड सुवाच्य अक्षरात, आणि त्याखाली, पासवर्ड. तिचा जीव भांड्यात पडला. मग तिनं पुढचा शब्द वाचला.

'नेहमीचा.'

"नेहमीचा!" ती ओरडली. "नेहमीचा म्हणजे काय? नेहमीचा चहा असतो! पासवर्ड नेहमीचा कसला लिहिता?"

नणंदेचा फोन ठेवून तिनं दवाखान्यात लावला. फोन उचलणारी मदतनीस बाई शांत होती, इतकी शांत की सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ते खुर्चीत आहेत. दाढ निघालीय, टाका घालायचाय."

"जिवंत आहेत ना? मग त्यांच्या कानाला फोन लावा. मी त्यांची सून आहे."

खुडबुड झाली. मग सासऱ्यांचा श्वास ऐकू आला.

"बाबा! मशीनचा पासवर्ड काय आहे?"

"हेहेहीहा," सासरे म्हणाले.

"नेहमीचा, ते वाचलं मी! कोणता नेहमीचा?"

"हुहा! हुहा आअहा!"

"काय? जुना आकडा?"

"हुहा!" सासऱ्यांचा आवाज चढला. तोंड बधिर, कापूस कोंबलेला, आणि तरी ते रागावू शकत होते. "हुहा आअहा!"

जुना आकडा म्हणजे दुकानाचा जुना फोन नंबर असणार. तिनं तो टाकला. पासवर्ड लिहिताना पडद्यावर काही उमटतच नव्हतं, टिंबसुद्धा नाही, त्यामुळे बरोबर लिहितोय की चूक तेही कळायची सोय नव्हती. चूक. सासऱ्यांची जन्मतारीख टाकली. चूक. मुलाची, म्हणजे नवऱ्याची टाकली. चूक, आणि मशीननं तिला बाहेरच काढलं. पुन्हा कमांड, पुन्हा पासवर्डची ओळ. तेवढ्यात काळ्या खिडकीत आपोआप एक इंग्रजी वाक्य येऊन पडलं, की ही सिस्टम पाच वाजता बंद होणार आहे. मशीन आता स्वतःहून आठवण करून देत होतं. वर हिरव्या पट्टीपाशी आकडा आला होता, १३१.

चार एकावन्न.

"बाई," सून फोनवर म्हणाली, आणि आता तिचा आवाज रडवेला झाला होता, त्याची तिला लाज वाटली नाही. "त्यांना कागद द्या. लिहायला सांगा."

"अहो, हातात सलाईनची सुई आहे, रक्तदाब वाढला त्यांचा. थांबा, ते बोटं दाखवतायत." मदतनीस बाईचा आवाज पहिल्यांदाच जरा जागा झाला. "एक. मग परत एक. मग... सात. हो, सात म्हणतायत, मान हलवतायत."

सुनेचा हात कीबोर्डवरच थांबला.

"आणि आता पाय आपटतायत," बाई म्हणाली. "डावा. डॉक्टर म्हणतायत हलू नका, तरी डावाच पाय आपटतायत. ह्याचा काय अर्थ असेल?"

तुझा आकडा. हुहा आअहा. तुझा आकडा, असं म्हणत होता तो माणूस मघापासून.

ह्याचा अर्थ लावायला सुनेला वेळ लागला नाही, पण लिहायला लागला, कारण डोळ्यांपुढे कीबोर्ड दिसेना. ह्या मशीनमधल्या प्रत्येक पायाचं नाव तिनंच लिहिलं होतं, आकडा आणि पुढे इंग्रजीतून उ किंवा डा. एक, एक, सात, डी, ए. तिनं कळ दाबली.

काहीच झालं नाही. चूकही नाही, बरोबरही नाही. मग काळ्या खिडकीत एक ओळ आली की बंद होण्याचं रद्द झालंय.

तिचा विश्वास बसेना. ह्या मशीनवर आता तिचा कशावरच विश्वास नव्हता. तिनं ती मघाची फाइल पुन्हा मागितली, सिस्टम, डी, सगळं नीट. मशीननं सांगितलं, अशी फाइल नाही. कुणाच्या 'नाही'नं आयुष्यात तिला इतकं बरं वाटलं नव्हतं. तरीही पाच वाजेपर्यंत ती श्वास रोखून बसली. पाच वाजले. पाच वाजून एक मिनिट झालं. पट्टी हलत होती. १२४.

साडेपाचला सासरे आले. गाल फुगलेला, ओठ एका बाजूला लोंबलेला, हातावर पट्टी. त्यांनी आधी चालू मशीनकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि भुवया चढवल्या. म्हणजे हिनं हात लावलाच.

"अहो बाबा!" तिनं तीन दिवसांचं सगळं एकदम बाहेर काढलं. "कॉपी चालू आहे हे दिसत नव्हतं? बंद करायला लावता? आणि वर चिठ्ठी, वाढवायला ठेवलंय! सरळ 'बंद होणार' लिहायला काय झालं होतं? आणि नेहमीचा! नेहमीचा म्हणून कुणी वहीत लिहितं? माझे पाय गेले असते सगळे!"

सासऱ्यांनी तोंडाकडे बोट दाखवून बोलता येत नसल्याची खूण केली, स्टुलावर बसले, कानावरची पेन्सिल काढली आणि बुटाच्या खोक्याच्या झाकणावर लिहू लागले. ते लिहितात तसे, एकेक अक्षर घासूनपुसून. तिला उभं राहून वाट बघावी लागली. भांडण असं हप्त्याहप्त्यानं करायचं म्हणजे शिक्षाच होती.

त्यांनी झाकण फिरवून दाखवलं. 'दोन वाजता मशीन म्हणालं ४० मिनिटं राहिली. ५ ला संपलेलंच असणार.'

"ते चाळीस मिनिटं काल सकाळपासून म्हणतंय!"

त्यांनी मान हलवली, झाकण उलटं केलं आणि पुन्हा लिहिलं. ह्या खेपेला जास्त वेळ लागला.

'तीन दिवस तू उठली नाहीस. जेवली नाहीस. सांगून ऐकत नाहीस. मशीनच वाढलं की उठशील.'

सुनेला इतका राग आला होता आणि तो ठेवायला आता जागाच राहिली नव्हती. चार महिने, बारा हजार रुपयांचा स्कॅनर, हजार पाय, आणि हा माणूस तिनं उठावं म्हणून मशीन बंद करायला निघाला होता.

"आणि पासवर्ड माझा पाय कशाला?" तिनं विचारलं. विचारायचं होतं रागावून, पण तसं झालं नाही. "तुमच्या मुलाचा घालायचा. वन्संचा घालायचा. तो साचा तर मी स्वतः फेकला, पहिल्या पोत्यात. तुम्ही नुसतं बरं म्हणालात."

सासऱ्यांनी झाकणावर जागा शोधली. कोपऱ्यात थोडी उरली होती.

'विसरत नाही म्हणून.'

लिहून झाल्यावर त्यांनी पेन्सिल पुन्हा कानावर अडकवली, जसं काही एखाद्या तळाचं माप लिहून दिलं होतं. सून स्टुलाशेजारी जमिनीवरच बसली. डिस्क टकटक करत होती. दोघं पडद्याकडे बघत राहिले. ११८ उजवा नव्या डिस्कवर गेला. ११८ डावा गेला. ११७ उजवा गेला. पुढच्या ओळीवर पट्टी जरा अडखळली, आणि सासऱ्यांचा हात तिच्या खांद्यावर आला आणि घट्ट झाला, आणि मग तोही गेला.

"आता हा पासवर्ड बदलावा लागणार," ती नाक ओढत म्हणाली. "सगळ्या दवाखान्याला कळलाय."

सासऱ्यांनी जोरात मान हलवली. नाही.

सव्वासातला पोस्टमनचे पाय पार झाले, आठला पहिल्या गिऱ्हाइकाचा शेवटचा पाय नव्या डिस्कमध्ये उतरला, आणि जुनी डिस्क अजून थोडी घरघरत राहिली, कुणी थांब म्हणेल म्हणून. सासऱ्यांच्या तोंडातला बधिरपणा उतरत चालला होता, आता दुखत असणार. त्यांनी दोन बोटं जुळवून घास खायची खूण केली, मग दाराकडे बोट केलं. ऊठ.

"उठते," ती म्हणाली. तिनं काळी खिडकी पुढे घेतली आणि कमांड लिहिली, आत्ता, लगेच. पासवर्ड मागितला तेव्हा न बघता लिहिला. मग बोट कळीवर ठेवून ती थांबली.

"बाबा, वाढवते हं."

"हं," सासरे म्हणाले, आणि सुजलेल्या तोंडानं, पण अगदी स्पष्ट, "वाढव."